दाबाचा दाखला

मा. अध्यक्ष,
पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ,
नवी दिल्ली, यांस —



सन २००६ च्या कायद्याने आपल्या मंडळाला अस्तित्व दिले आणि शहरोशहरी नळाने वायू पुरविण्याची परवानगी कोणास द्यावी, कोणत्या शर्तींवर द्यावी व सुरक्षिततेची कोणती प्रमाणे पाळवून घ्यावीत, हे ठरविण्याचा अधिकार आपल्या हाती सोपविला. त्या अधिकाराच्या बळावर मुंबई-पुण्यापुरती मर्यादित असलेली ही सोय आता महाराष्ट्रातील कितीतरी जिल्ह्यांत जाऊन पोहोचली आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. आणि ज्या व्यवस्थेविषयी आनंद वाटतो तिच्यातील उणीव दाखविण्याचा हक्क नागरिकाला असतो, अशा समजुतीने मी हे पत्र उघडपणे लिहीत आहे. पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेचा मी चिटणीस आहे. आमच्या संस्थेच्या दप्तरात प्रत्येक घराच्या जोडणीचे कागद व्यवस्थित लावून ठेवलेले आहेत: अर्ज, अनामत रकमेची पावती, मीटरचा क्रमांक, अडीअडचणीला दूरध्वनी करावयाचा क्रमांक, नळाला गळती नसल्याच्या चाचणीची नोंद. परंतु ज्या एका आकड्यावर शेगडीची ज्योत, स्नानाचे पाणी आणि प्रसंगी माणसाचा जीव अवलंबून असतो तो आकडा, म्हणजे उपकरण पेटलेले असताना त्याच्या तोंडाशी वायू किती दाबाने पोहोचतो हा, त्यांपैकी एकाही कागदावर नाही. तो मोजून लिहून देण्याचे बंधन मंडळाने घालावे, आणि नव्या इमारतीचे नळ आखले जातात त्याच वेळी तो विचारपूर्वक ठरविला जावा, एवढीच माझी प्रार्थना आहे.

हा दाब किती अल्प असतो याची कल्पना सामान्य माणसाला नसते, आणि म्हणूनच त्यातील थोड्याशा घटीचे महत्त्वही त्याच्या ध्यानात येत नाही. आपल्या मंडळाच्या २००८ सालच्या तांत्रिक व सुरक्षा विनियमांत वितरणजालाचे तीन थर सांगितले आहेत: ४९ बारपासून ७ बारपर्यंतचा पहिला, ७ बारपासून १०० मिलिबारपर्यंतचा दुसरा आणि १०० मिलिबारच्या आतला तिसरा. शहराच्या सीमेवर पोलादी नळातून प्रचंड दाबाने आलेला वायू रस्त्याखालच्या पिवळ्या अथवा केशरी प्लास्टिक-नळांत साधारणतः ४ बारवर येतो, इमारतीच्या आवारातील नियंत्रकातून जाताना १०० मिलिबारच्या आसपास उतरतो आणि घराच्या मीटरपाशी बसविलेल्या लहानशा नियंत्रकातून अखेरीस २१ मिलिबारने स्वयंपाकघरात शिरतो. एकवीस मिलिबार म्हणजे जेमतेम साडेएकवीस सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा भार. हात पसरून मोजली तर एक वीतही भरणार नाही. एवढ्या अल्प संपत्तीवर संसार चालवायचा असल्यामुळे वाटेत तिचा अपव्यय किती होतो, हा प्रश्न येथे इतर कोणत्याही नळापेक्षा अधिक निकडीचा ठरतो.

आपल्याकडील शेगडीची घडण पाहिली म्हणजे हे अधिकच स्पष्ट होते. अमेरिकेत घरात येणारा दाब सात इंच पाण्याइतका, म्हणजे सुमारे साडेसतरा मिलिबार असतो. पण तेथील चुलीच्या अंगीच एक छोटा नियंत्रक बसविलेला असतो आणि तो बर्नरकडे जाणारा दाब आणखी उतरवून नैसर्गिक वायूसाठी साधारणतः साडेतीन-चार इंचांवर स्थिर ठेवतो, त्यामुळे नळातील चढउतार ज्योतीपर्यंत सहसा पोहोचत नाही. आपल्या घरगुती शेगडीत असा मध्यस्थ नाही. नळात जो दाब असेल तोच जसाच्या तसा कॉकमधून जेटच्या सूक्ष्म छिद्रापर्यंत येतो, आणि त्या छिद्रातून किती वायू बाहेर पडावा हे त्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरते. वर्गमुळाच्या या नियमात निसर्गाची थोडी दया आहे, कारण दाब दोन-तृतीयांशावर आला तरी उष्णता चार-पंचमांश शिल्लक राहते. परंतु त्याच दयेमुळे बिघाड चटकन लक्षात येत नाही, आणि गृहिणी कुकरच्या शिट्ट्या उशिरा होतात एवढीच तक्रार करीत महिनोन् महिने काढते.

सिलिंडरातील वायूचा हिशेब अगदी निराळा आहे. द्रवीभूत पेट्रोलियम वायूच्या घरगुती शेगड्यांचे जे भारतीय मानक आहे, क्रमांक ४२४६, त्यात दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम भाराइतका दाब गृहीत धरलेला आहे. म्हणजे पाण्याच्या मापात तीस सेंटिमीटर, एक फूट. शिवाय तो वायू घनफळाच्या मानाने नैसर्गिक वायूच्या अडीच-तीन पट उष्णता देतो, म्हणून त्याच्या शेगडीचे जेट बारीक असते. अशी शेगडी काही न बदलता नळाच्या वायूवर लावली, तर वायूत उष्णता कमी, दाब कमी आणि छिद्र बारीक अशा तिहेरी कारणाने ती जवळजवळ निम्म्याच उष्णतेने जळेल, आणि मालकाला तत्काळ कळेल की काहीतरी चुकले आहे. भीती आहे ती याच्या उलट प्रकाराची. पुण्या-मुंबईच्या घरात नळाचा वायू आल्यावर कारागीर जुन्या शेगडीचे जेट बदलून मोठ्या छिद्राचे बसवून देतो, किंवा असलेलेच छिद्र वाढवून देतो. दोन-चार वर्षांनी घरात काचेची नवी शेगडी येते, आणि जुनी, अजून धड असलेली शेगडी एस. टी.ने कोकणात किंवा देशावर गावच्या घरी रवाना होते, कारण सुस्थितीतली वस्तू टाकून देणे आपल्या माणसाला पटत नाही, आणि ते योग्यच आहे. तेथे ती सिलिंडरला जोडली जाते. मोठे छिद्र, वाढलेला दाब आणि अधिक उष्णता देणारा वायू असे तिन्ही एकत्र आल्यावर त्या बर्नरवर मूळ योजनेच्या जवळजवळ दुप्पट उष्णता येते, तिला पुरेल एवढी हवा बर्नरच्या तोंडाशी ओढली जात नाही, ज्योत पिवळी होऊन भांड्याचे बूड काळे पडू लागते, आणि त्या काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला विषारी वायूही निर्माण होत राहतो. त्या शेगडीचे रूपांतर झाले आहे, अमुक जेट बसविले आहे, अमुक दाबासाठीच ती योग्य आहे, असे सांगणारी एक चिठ्ठीदेखील तिच्या अंगावर नसते. वापरणाऱ्या वृद्ध माणसांनी ते ओळखावे तरी कसे?

इतर देशांनी हा प्रश्न किती गांभीर्याने हाताळला याचे उदाहरण ब्रिटनचे आहे. उत्तर समुद्रात वायू सापडल्यावर त्या देशाने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाच्या वायूवरची आपली सारी व्यवस्था नैसर्गिक वायूवर आणली. नव्या वायूची उष्णता जुन्याच्या सुमारे दुप्पट आणि ज्योतीची गती निराळी, म्हणून गल्लीमागून गल्ली पुरवठा थांबवून, प्रत्येक घराचे दार ठोठावून, सुमारे चार कोटी उपकरणांचे बर्नर व जेट बदलण्यात आले. त्या शिस्तीचा वारसा असा की, तेथे आजही मीटरपाशी २१ मिलिबार हा दाब गृहीत धरला जातो आणि मीटरपासून उपकरणापर्यंतच्या घरगुती नळात, सर्व उपकरणे एकदम चालू असताना, एक मिलिबारपेक्षा अधिक घट होऊ देऊ नये असा दंडक कारागिरांना शिकविला जातो. दंडकातील ‘सर्व उपकरणे चालू असताना’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. नळात वायू वाहत नसताना दाब सगळीकडे सारखाच असतो. तेव्हा मोजून नळाविषयी काहीही कळत नाही. मुंबईच्या जुन्या वस्त्यांनाही बॉम्बे गॅस कंपनीच्या काळात कोळशाचा वायू नळाने मिळत असे, तेव्हा नळाच्या वायूची ओळख आपल्याला आजची नाही. पण मापनाची ही शिस्त मात्र आपल्या घरांत अजून रुजलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या संस्थेत घडलेली एक हकीकत या संदर्भात सांगतो. पाचव्या मजल्यावरील एका बिऱ्हाडात न्हाणीघरातील गॅस गीझर नीट पाणी तापवेना, आणि स्वयंपाकघरात कोणी शेगडी पेटविली की तो विझू लागे. “प्रेशरच येत नाही हो,” अशी तक्रार नोंदविली गेली. एकामागून एक दोन कारागीर आले, दोघांनी मीटरपाशी दाब पाहिला, तो बिनचूक आढळला, आणि पुरवठ्यात दोष नाही असे लिहून ते परतले. मध्यंतरी बाहेरच्या एका दुरुस्तीवाल्याने गीझरचे नोझल मोठे करून देतो, म्हणजे पाणी कढत येईल, असा सल्ला दिला. सुदैवाने घरच्या बाईंनी तो मानला नाही. शेवटी आलेला वयस्क फिटर आपल्या पिशवीतून पट्टीवर बसविलेली इंग्रजी ‘यू’च्या आकाराची पारदर्शक नळी घेऊन आला, नळीत पाणी होते, आणि पातळी ठळक दिसावी म्हणून त्यात निळीचे दोन थेंब टाकलेले होते. ती त्याने मीटरला न लावता गीझरच्या तोंडाशी लावली. सारे बंद असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यातील अंतर एकवीस सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरले. मग त्याने गरम पाण्याचा नळ उघडावयास सांगितला. गीझरने पेट घेतला आणि आमच्या डोळ्यांदेखत ते निळे पाणी सरकत सरकत चौदावर येऊन थरथरत थांबले. शेगडीचे दोन्ही बर्नर लावल्यावर ते अकराच्याही खाली गेले. “काकू, मीटर बरोबर आहे, पण वाट अरुंद आहे,” एवढेच तो म्हणाला. माळ्यावरचे सामान काढल्यावर दिसले की, घराची डागडुजी करताना कोणीतरी मीटरपासून न्हाणीघरापर्यंतची सारी लांबी एका बारीक नळीने, तीही चार-पाच वळणे घेत, जोडून टाकली होती. ती काढून अर्ध्या इंचाचा सरळ नळ टाकल्यावर गीझर चालू असतानाची घट सेंटिमीटरभरावर आली.

यामागचा हिशेब साधा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवावयाचे, तर तासाला नऊ हजार किलोकॅलरी पाण्यात उतरल्या पाहिजेत. वाया जाणारी उष्णता धरली तर वायू तासाला सव्वा घनमीटरच्या आसपास लागतो. शेगडीच्या एका मोठ्या बर्नरला पाव घनमीटरही लागत नाही. म्हणजे एक गीझर अशा पाच-सहा बर्नरांइतका वायू ओढतो. तासाला अडीच घनमीटर पुरविणारे घरगुती मीटर त्याला पुरून उरते. पुरत नाही तो नळ. अशा नळात प्रवाह दुप्पट झाला की दाबाची घट चौपट होते, आणि नळाचा व्यास निम्मा केला तर तोच प्रवाह नेताना घट बत्तीसपट होते. एवढ्या घटीला एकवीस सेंटिमीटरांची पुंजी कोठून पुरणार? आणि त्या दुरुस्तीवाल्याच्या सल्ल्याप्रमाणे नोझल मोठे केले असते तर काय झाले असते, हेही सांगितले पाहिजे: छिद्र वाढल्याने वायू अधिक ओढला गेला असता, घट आणखी वाढली असती, आणि पुढे केव्हातरी कोणी नळ सुधारून पूर्ण दाब मिळवून दिला असता, त्या दिवशी त्या बंद न्हाणीघरात मूळ योजनेपेक्षा कितीतरी अधिक वायू अपुऱ्या हवेत जळू लागला असता. गॅस गीझरच्या विषारी वायूने स्नानगृहात माणसे दगावल्याच्या वार्ता आपल्या वृत्तपत्रांत दर हिवाळ्यात येतात. त्यांत मुख्य दोष बहुधा वायुवीजनाच्या अभावाचा असतो, हे मी जाणतो. गीझर न्हाणीघराबाहेर हवेशीर जागी असावा आणि त्याचा धूर नळकांड्याने बाहेर जावा, याला दाबाची कोणतीही व्यवस्था पर्याय होऊ शकत नाही. परंतु चुकीचा दाब आणि त्यावर उतारा म्हणून बसविलेले चुकीचे जेट या दोहोंनी तो धोका वाढतो, आणि हा भाग निदान मापनाच्या आवाक्यातला आहे.

आता नव्या इमारतींविषयी. विकासक आणि वास्तुविशारद यांच्यापुढे खरी निवड अशी असते की, इमारतीच्या उभ्या नळातून, ज्याला कारागीर रायझर म्हणतात त्यातून, वायू २१ मिलिबारनेच वर न्यावा की १०० मिलिबारने नेऊन प्रत्येक घराच्या दारी उतरवावा. पहिल्या प्रकारात एकच मोठा नियंत्रक तळाशी पुरतो आणि खर्च वाचल्यासारखा वाटतो. पण मग दीड-दोन मिलिबारपेक्षा अधिक घट परवडत नाही, म्हणून नळ जाड घ्यावा लागतो आणि सकाळी सात वाजता सगळ्या बिऱ्हाडांचे गीझर एकदम पेटले की कुठल्या ना कुठल्या टोकाच्या घराला त्रास होतोच. दुसऱ्या प्रकारात शंभरातले वीस-तीस मिलिबार वाटेत खर्ची पडले तरी घराच्या नियंत्रकाला ते जाणवत नाही. तो आपला २१ मिलिबारचा शब्द पाळतो. यात उंचीचाही प्रश्न आहे, आणि तो मुंबईच्या मनोऱ्यांना विशेष लागू आहे. नैसर्गिक वायू हवेहून हलका असल्याने तो उंच चढू लागला की बाहेरच्या हवेच्या मानाने त्याचा दाब दर दहा मीटरला सुमारे अर्ध्या मिलिबारने वाढत जातो; म्हणजे तळाशी २१ असलेला दाब शंभर मीटर उंचीवर २६ च्या घरात पोहोचेल, आणि युरोपीय प्रमाणांत या वायूच्या उपकरणांना जो कमाल दाब सांगितला आहे तो २५ आहे. प्रत्येक घराच्या नियंत्रकाने हा दोष आपोआप नाहीसा होतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, चार-पाच मजल्यांहून उंच इमारतीत वायू वरच्या दाबाने वर न्यावा आणि घराच्या उंबरठ्यावर उतरवावा.

मात्र उंबरठ्याच्या आत तो वाढीव दाब येऊ देऊ नये. अमेरिकेत मोठ्या घरांतून दोन पौंडांचा, म्हणजे सुमारे १३८ मिलिबारचा दाब आतपर्यंत नेऊन उपकरणांपाशी उतरविण्याची पद्धत आहे. बारीक नळावर काम भागते म्हणून ती तेथे लोकप्रिय आहे. आपल्या दोन-तीन खोल्यांच्या घरात तिचे प्रयोजन नाही. एकाच छिद्रातून १०० मिलिबारचा वायू २१ च्या मानाने दुपटीहून अधिक गळतो, आणि नळावर कपडे वाळत घालणारी, भिंतीत खिळे ठोकणारी आपली कुटुंबे पाहता ती जोखीम घेण्याचे कारण दिसत नाही. दाब जास्त म्हणजे सेवा उत्तम, हा समज लोकांत पसरलेला आहे, आणि तो पुसून टाकण्याचे काम आपल्या मंडळासारख्या अधिकारी संस्थेनेच केले पाहिजे. उपकरणाला हवा तेवढा, त्याच्या कामाच्या वेळी न ढळणारा दाब, एवढीच उत्तम सेवेची कसोटी आहे.

तेव्हा, महोदय, आपल्या विनियमांत पुढील तरतुदी व्हाव्यात अशी माझी विनंती आहे. जोडणी सुरू करताना, आणि पुढे प्रत्येक नियतकालिक तपासणीच्या वेळी, घरातील सर्व उपकरणे पेटवून सर्वांत दूरच्या उपकरणापाशी दाब मोजावा. बंद स्थितीतला आणि चालू स्थितीतला असे दोन्ही आकडे तारखेसह लिहून त्याचा दाखला ग्राहकाला द्यावा, आणि घरातील नळात होऊ द्यावयाच्या घटीची कमाल मर्यादा त्यावरच छापलेली असावी. शेगडीचे वा गीझरचे रूपांतर करणाऱ्याने त्याच्या अंगावर न पुसणारी पट्टी लावावी आणि तीवर वायूचा प्रकार, दाब व जेटचे माप मराठीत, किंवा त्या त्या प्रांताच्या भाषेत, लिहावे. काढलेले जुने जेट पाकिटात घालून मालकाच्या स्वाधीन करावे, म्हणजे गावी गेलेली शेगडी पुन्हा मूळ रूपात आणता येईल. मीटरच्या पुढे नळ वाढविण्याचा अधिकार प्रशिक्षित माणसालाच असावा आणि वाढविल्यावर दाखला नव्याने घ्यावा लागावा. देयकाच्या मागील बाजूस पुरवठ्याच्या दाबाचा आकडा छापावा, एवढेही सध्या पुष्कळ होईल. दाबाचा संबंध देयकाशीही आहे: पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी आहे, आणि त्यामुळे एका मोजलेल्या घनमीटरात येथे वायूही त्याच मानाने कमी असतो, या फरकाची वजावट कशी धरली आहे हे देयकावर दोन ओळींत सांगितले जावे, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

यांपैकी कोणत्याही तरतुदीला मोठा खर्च नाही. पाण्याची नळी शंभर-दोनशे रुपयांत तयार होते आणि मोजणीला दहा मिनिटे लागतात. खर्च आहे तो कारागिराच्या वेळेचा. त्याला दिवसाकाठी किती घरे उरकावयाची आहेत यावर त्याची मजुरी ठरत असेल, तर तो मीटरपाशी पाहून परत जाणारच, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. म्हणून पुरवठादाराने मोजणीसह कामाचा वेळ धरूनच मोबदला द्यावा, हे परवान्याच्या शर्तींतच लिहून घ्यावे, अशी पुरवणी विनंती करतो. आमच्या संस्थेतील अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांनी हा दाखला स्वखर्चाने घेण्याची तयारी सर्वसाधारण सभेच्या ठरावाने दर्शविली आहे. त्याचा नमुना कसा असावा हे मंडळाने ठरवून कळविल्यास आम्ही येत्या हिवाळ्यापूर्वी कामास लागू.

कळावे.

आपला नम्र,
पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस